एका फोल्डरचा पसारा

टर्मिनलमध्ये ‘एनपीएम क्रिएट व्हीट’ असं लिहून एंटर दाबलं की संगणक मोजके प्रश्न विचारतो. प्रोजेक्टचं नाव काय ठेवायचं? फ्रेमवर्क कोणतं हवं, व्ह्यू, रिअ‍ॅक्ट, स्वेल्ट की आणखी कुठलं? जावास्क्रिप्टमध्ये लिहिणार की टाइपस्क्रिप्टमध्ये? उत्तरं दिली की एक आटोपशीर फोल्डर तयार होतं. त्यात जाऊन ‘एनपीएम इन्स्टॉल’ करायचं, मग ‘एनपीएम रन डेव्ह’, आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या ५१७३ या पोर्टवर चालतं पान समोर येतं. हिंजवडी-खराडीतल्या कंपन्यांत हे रोजचंच आहे. इंजिनीअरिंग कॉलेजांतले शेवटच्या वर्षाचे कितीतरी प्रोजेक्ट असेच सुरू होतात. शिकवताना मात्र या टप्प्याला जेमतेम पाच-दहा मिनिटं मिळतात. ‘एवढं टाका, म्हणजे सुरू होईल’ असं सांगून वर्ग पुढे कंपोनंट, स्टेट, राउटिंग यांकडे वळतो.

मला त्या पाच-दहा मिनिटांबद्दलच लिहायचं आहे. कारण अ‍ॅपमधला सर्वांत मोठा निर्णय तेवढ्या वेळात होऊन जातो. शेकडो अनोळखी माणसांनी लिहिलेला कोड आपण एक ओळही न वाचता आपल्या संगणकावर घेतो, तो तिथे चालवतो आणि पुढे आपल्या ग्राहकांच्या मोबाइलपर्यंत पोचवतो. यात गैर काही नाही. आजचं सॉफ्टवेअर असंच उभं राहतं. पण कोणावर आणि किती विश्वास टाकला, हे ठाऊक असायला हवं.

नव्या रिअ‍ॅक्ट प्रोजेक्टमधली ‘पॅकेज डॉट जेसन’ ही फाइल उघडा. अ‍ॅपला प्रत्यक्ष लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत दोनच नावं दिसतात, रिअ‍ॅक्ट आणि रिअ‍ॅक्ट-डॉम. खाली डेव्हलपमेंटपुरत्या लागणाऱ्या गोष्टी: व्हीट, त्याचं रिअ‍ॅक्टसाठीचं प्लगइन, कोडमधल्या चुका दाखवणारं ईएसलिंट वगैरे. सगळी मिळून डझनभर नावं. आता इन्स्टॉल झाल्यावर तयार झालेलं ‘नोड मॉड्यूल्स’ हे फोल्डर उघडा. तिथे शंभराहून अधिक पॅकेजेस असतात. आपण डझनभरांना बोलावलं, त्यांनी आपापल्या गरजेची माणसं आणली, त्यांनी आणखी. लग्नाच्या पंगतीत यजमानाला निम्मी पानं ओळखीची नसावीत, तसं हे फोल्डर असतं. काही वर्षांपूर्वी रिअ‍ॅक्ट शिकणारा प्रत्येक जण ज्या ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’ने सुरुवात करायचा, त्यात तर ही संख्या हजाराच्या वर जायची.

इन्स्टॉल संपताना टर्मिनलवर एक ओळ उमटते, जी फारसं कोणी वाचत नाही. इतकी पॅकेजेस आर्थिक साहाय्याच्या शोधात आहेत, तपशिलासाठी ‘एनपीएम फंड’ ही कमांड द्या, असं त्यात लिहिलेलं असतं. ती कमांड एकदा देऊन पाहावी. आपल्या अ‍ॅपखाली कोण कोण उभं आहे, याची ती यादी असते.

ही व्यवस्था आखून-रेखून कोणी उभी केलेली नाही. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी १९९५च्या मे महिन्यात दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना लिहिला, तेव्हा तिचं काम ब्राउझरच्या पानात थोडी हालचाल आणण्यापुरतं होतं. २००९ साली बर्लिनच्या एका परिषदेत रायन डाल यांनी नोड डॉट जेएस दाखवलं आणि हीच भाषा ब्राउझरबाहेर, सर्व्हरवर चालू लागली. जावास्क्रिप्टसोबत मोठं स्टँडर्ड लायब्ररीचं भांडार नव्हतं. पायथनमध्ये जे घरात सापडायचं, ते इथे बाहेरून आणावं लागायचं. २०१०मध्ये आयझॅक श्लुटर यांनी एनपीएम सुरू केलं आणि बाहेरून आणणं एका ओळीचं काम झालं. प्रसिद्ध करणंही तितकंच सोपं होतं. एका पॅकेजने एकच छोटं काम करावं आणि ते नीट करावं, हा नोडच्या मंडळींचा आग्रह होता. त्यातून काही वर्षांत लाखो पॅकेजेस जमा झाली. आज एनपीएमची मालकी गिटहबकडे आणि पर्यायाने मायक्रोसॉफ्टकडे आहे. हा व्यवहार २०२०मध्ये झाला.

या सोयीची पहिली मोठी परीक्षा २२ मार्च २०१६ रोजी झाली. अझर कोचुलू हा मूळचा तुर्कस्तानचा, कॅलिफोर्नियात ओकलंडला राहणारा प्रोग्रॅमर. त्याने ‘किक’ नावाचं एक पॅकेज एनपीएमवर ठेवलं होतं. याच नावाची मेसेजिंग कंपनी कॅनडात होती आणि तिला ते नाव हवं होतं. कंपनीने पत्रव्यवहार केला, कोचुलूने नकार दिला, तेव्हा कंपनी एनपीएमकडे गेली आणि एनपीएमने नाव तिला देऊन टाकलं. दुखावलेल्या कोचुलूने आपली सगळी, म्हणजे २७३ पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतली. तो त्याचा हक्क होता. तेव्हाच्या नियमांत त्याला आडकाठी नव्हती.

त्या २७३मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं अकरा ओळींचं पॅकेज होतं. त्याचं काम एवढंच, की दिलेल्या मजकुराच्या डावीकडे हवी तेवढी भर घालायची. ‘७’ दिलं, लांबी तीन सांगितली आणि भर शून्याची मागितली की ‘००७’ परत यायचं. हे पॅकेज गेलं आणि थोड्याच वेळात जगभरच्या कंपन्यांचे बिल्ड पडू लागले. ‘लेफ्ट-पॅड रजिस्ट्रीत सापडत नाही’ अशी ४०४ क्रमांकाची त्रुटी पडद्यावर यायची, आणि ती वाचणाऱ्या बहुतेकांनी ते नाव आयुष्यात पहिल्यांदाच वाचलं होतं.

साखळी अशी होती. बेबेल हे नव्या धाटणीची जावास्क्रिप्ट जुन्या ब्राउझरना कळेल अशी करून देणारं साधन. रिअ‍ॅक्टचे बहुतेक प्रोजेक्ट त्याच्यावर चालायचे. कोडमध्ये चूक सापडली की बेबेल ती ओळ आणि आजूबाजूच्या ओळी क्रमांकांसकट दाखवायचं. क्रमांक एका रेषेत दिसावेत म्हणून ते ‘लाइन-नंबर्स’ नावाचं पॅकेज वापरायचं. नऊच्या पुढे दहा आलं की नऊच्या आधी एक जागा सोडावी लागते. तेवढ्यासाठी ‘लाइन-नंबर्स’ला लेफ्ट-पॅड लागायचं. चूक दाखवणारा संदेश नीटनेटका दिसावा म्हणून घेतलेली ती रिकामी जागा गेली आणि प्रोजेक्ट उभेच राहीनात.

सुमारे अडीच तासांत एनपीएमने लेखकाने काढलेलं पॅकेज स्वतःच्या अधिकारात परत ठेवलं. पुढे नियम बदलले. प्रसिद्ध होऊन ७२ तास उलटले आणि दुसरी पॅकेजेस त्यावर अवलंबून असली, तर लेखकाला आता ते काढता येत नाही. २०१७च्या जावास्क्रिप्ट मानकात ‘पॅड-स्टार्ट’ ही सोय थेट भाषेतच आली. म्हणजे ते पॅकेज आज लागतही नाही.

त्या वेळी बरीच टीका झाली ती प्रोग्रॅमरांच्या आळसावर. अकरा ओळी स्वतःला लिहिता येत नाहीत का, असं विचारलं गेलं. ही टीका मला पटत नाही. ज्यांचे बिल्ड पडले, त्यांतल्या जवळपास कोणीच लेफ्ट-पॅड निवडलं नव्हतं. त्यांनी रिअ‍ॅक्ट निवडलं होतं. बाकीचं त्याच्यामागून आलं. दोष असेल तर तो मागून काय आलं हे कधी न पाहण्यात होता.

पॅकेज नाहीसं होणं ही त्यातल्या त्यात सौम्य अडचण. २०१८ साली याहून गंभीर प्रकार उघडकीला आला. न्यूझीलंडचे डॉमिनिक टार यांनी लिहिलेलं ‘इव्हेंट-स्ट्रीम’ हे पॅकेज अतिशय वापरात होतं. टार स्वतः ते आता वापरत नव्हते, त्यातून त्यांना काही मिळतही नव्हतं. एका अनोळखी माणसाने ईमेल करून पॅकेज सांभाळायची तयारी दाखवली आणि त्यांनी ते सोपवलं. त्या माणसाने एक नवं छोटं पॅकेज आत जोडलं. त्यात लपवलेला कोड फक्त ‘कोपे’ या बिटकॉइन वॉलेटचं अ‍ॅप बिल्ड होत असताना जागा व्हायचा आणि वापरकर्त्यांच्या किल्ल्या पळवायचा. बाकी कुठेही तो गप्प असायचा. एका जुन्या फंक्शनबद्दलची इशाऱ्याची ओळ टर्मिनलवर का येते, याचा एकाने पाठपुरावा केला म्हणून हे नोव्हेंबर महिन्यात सापडलं.

टार यांच्यावर तेव्हा लोक तुटून पडले. मला ते अन्यायाचं वाटतं. लाखो लोकांनी फुकट घेतलेली वस्तू एका माणसाने जन्मभर सांभाळावी, ही अपेक्षा कोणत्या हिशेबात बसते? जुन्या ब्राउझरना नव्या सोयी पुरवणारं ‘कोअर-जेएस’ घ्या. जगातल्या मोठमोठ्या वेबसाइटींवर ते आहे. ते वर्षानुवर्षं मुख्यतः डेनिस पुश्करेव्ह या एकाच माणसाने सांभाळलं. इन्स्टॉल होताना टर्मिनलवर ‘लेखक चांगल्या नोकरीच्या शोधात आहे’ अशी ओळ दिसायची आणि लोक ती ओळ बंद कशी करायची ते विचारायचे. २०२३च्या फेब्रुवारीत त्यांनी आपली आर्थिक ओढाताण सविस्तर लिहून जगापुढे मांडली. ती हकीकत वाचून मन जड होतं.

आणि सप्टेंबर २०२५. चॉक, डीबग अशी पॅकेजेस सांभाळणाऱ्या एका लेखकाला एनपीएमच्या नावाने ईमेल आला, पत्ता हुबेहूब वाटावा असा. सुरक्षेची माहिती नव्याने भरा, असं त्यात म्हटलं होतं. त्यांनी ती भरली आणि खातं चोरांच्या हाती गेलं. ज्या १८ पॅकेजेसमध्ये विषारी कोड घातला गेला, ती दर आठवड्याला मिळून दोन अब्जांहून अधिक वेळा डाउनलोड व्हायची. काही तासांतच ते पकडलं गेलं, म्हणून निभावलं. त्याच महिन्यात ‘शाय-हुलूद’ नावाने ओळखला गेलेला किडा आला. तो इन्स्टॉल होताच संगणकावरच्या गुप्त किल्ल्या शोधायचा आणि त्या वापरून त्या प्रोग्रॅमरच्या इतर पॅकेजेसमध्ये स्वतःला घुसवून पुन्हा प्रसिद्ध करायचा. पाचशेहून अधिक पॅकेजेसना त्याची लागण झाली. इन्स्टॉल करताना पॅकेजला स्वतःचा कोड चालवायची मुभा असते, ही यातली कळीची बाब. वापर सुरू व्हायच्या आधीच, नुसतं आणताना धोका होऊ शकतो.

यावरचा उपाय महागडा नाही. ‘पॅकेज-लॉक डॉट जेसन’ नावाची लांबलचक फाइल प्रोजेक्टमध्ये आपोआप तयार होते. २०१७मध्ये एनपीएमच्या पाचव्या आवृत्तीपासून ती आली. पॅकेज डॉट जेसनमध्ये आवृत्तीच्या आकड्याआधी छपरासारखी खूण असते, तिचा अर्थ ‘ही आवृत्ती किंवा मुख्य आकडा न बदलता आलेली पुढची’ असा होतो. त्यामुळे आज आणि महिन्याभराने केलेलं इन्स्टॉल वेगवेगळा माल आणू शकतं. लॉक फाइल नेमकी आवृत्ती आणि त्या मालाचा ठसा (हॅश) नोंदवून ठेवते. एक अक्षर जरी बदललं तरी ठसा जुळत नाही आणि इन्स्टॉल थांबतं. ही फाइल गिटमध्ये टाकायलाच हवी. नव्या माणसांना ती कचरा वाटते, मर्ज करताना अडचण आली की ती सरळ डिलीट केली जाते. त्यासोबत सगळी नोंदही जाते. बिल्डच्या सर्व्हरवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ वापरावं, म्हणजे लॉक फाइलमध्ये आहे तेच आणि तेवढंच येतं. पीएनपीएम या पर्यायी साधनाने २०२५मध्ये आणखी दोन पावलं टाकली: अवलंबून असलेल्या पॅकेजेसना इन्स्टॉलच्या वेळी कोड चालवायची परवानगी आपणहून द्यावी लागते, आणि नुकतीच आलेली आवृत्ती ठरावीक काळ जाईपर्यंत घ्यायची नाही असं सांगता येतं. विषारी आवृत्त्या बहुधा काही तासांत किंवा दिवसांत पकडल्या जातात. तेवढं थांबलं तरी बरंचसं संकट टळतं.

आता प्रत्यक्ष कोडकडे. या लेखासाठी मी दिवाळी अंकांची यादी दाखवणारं छोटं अ‍ॅप रिअ‍ॅक्टमध्ये उभं केलं. पहिली नोंद अर्थातच काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ची, १९०९ची. आकडे देवनागरीत दिसावेत म्हणून जावास्क्रिप्टच्या ‘इंटल’ या सोयीला भाषा मराठी असल्याचं सांगितलं. कुठलंही बाहेरचं पॅकेज न आणता ती आकडे देवनागरी करून देते, लाख-कोटींप्रमाणे स्वल्पविरामही घालते. त्यामुळे ‘मनोरंजन’चं साल पडद्यावर ‘१,९०९’ असं आलं. साल ही मोजणीची रक्कम नाही, हे तिला वेगळं सांगावं लागतं. गट पाडणं बंद केलं की ‘१९०९’ उमटतं.

शीर्षकाला अक्षरमर्यादा लावताना आणखी खोल पाणी लागलं. ‘लक्ष्मी’ या शब्दाची लांबी जावास्क्रिप्टला विचारली तर ती सात सांगते, कारण ल, क, हलन्त, ष, हलन्त, म आणि दीर्घ ईकार हे सगळे ती सुटे मोजते. ‘इंटल सेगमेंटर’ला विचारलं तर जुन्या ब्राउझरमध्ये उत्तर चार येतं आणि नव्यात दोन. देवनागरी जोडाक्षर अखंड मोजण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, म्हणजे २०२३मध्ये आला. त्याआधी हलन्तापाशी तुकडा पडायचा. मराठी वाचक दोनच मोजतो. फॉर्ममध्ये ‘शीर्षक फार मोठं आहे’ असं सांगून मराठी मजकूर अडवणारी अ‍ॅप्स असतात, त्यांमागे बहुधा हाच सातचा हिशेब असतो. फ्रेमवर्क कोणतंही घ्या, हे काम ते करून देत नाही. ते आपणच करायचं आहे, आणि आपण मराठी माणसांनी केलं नाही तर दुसरं कोण करणार?

आता बिल्डकडे. ‘एनपीएम रन डेव्ह’ आणि ‘एनपीएम रन बिल्ड’ ही दोन वेगळी जगं आहेत, हे नवशिक्यांना फार उशिरा कळतं. व्ह्यू हे फ्रेमवर्क लिहिणारे इव्हान यू यांनी २०२०मध्ये व्हीट आणलं, त्याची खुबी यातच आहे. त्याआधी वेबपॅक हे साधन डेव्हलपमेंटलाही सगळ्या फाइलींची मोट बांधून मगच पान दाखवायचं. मोठ्या प्रोजेक्टमध्ये एक ओळ बदलून परिणाम बघायला ताटकळावं लागायचं. एव्हाना ब्राउझर स्वतः मॉड्यूल्स समजू लागले होते. व्हीट डेव्हलपमेंटच्या वेळी अ‍ॅपच्या फाइलींची मोट बांधतच नाही, ब्राउझर मागेल ती फाइल तेवढी देतं. गाठोडं बांधायचं ते प्रॉडक्शनसाठी. तेव्हा वापरात नसलेला कोड गळतो, लांब नावांची एकाक्षरी नावं होतात, आणि ‘डिस्ट’ फोल्डरमध्ये नावापुढे ठशाची अक्षरं असलेल्या फाइली तयार होतात. मजकूर बदलला की नाव बदलतं, म्हणून ब्राउझर जुनी प्रत दाखवत बसत नाही.

‘माझ्याकडे चालत होतं’ हे वाक्य या दोन जगांच्या सांध्यावर जन्मतं. विंडोजवर ‘हेडर’ची फाइल छोट्या एचने असली आणि कोडमध्ये मोठ्या एचने मागवली तरी चालतं; बिल्डचा लिनक्स सर्व्हर ती फाइल नाहीच म्हणतो. अ‍ॅप उपफोल्डरमध्ये ठेवायचं असून ‘बेस’ची सेटिंग बदलली नाही, तर पान नुसतं पांढरं दिसतं आणि पानावर कारण लिहिलेलं नसतं; ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये ४०४ पाहिले की उलगडतं. सर्वांत धोकादायक प्रकार ‘ईएनव्ही’ फाइलचा. तिथे ‘व्हीट’ आणि अंडरस्कोअर यांनी सुरू होणाऱ्या नावाखाली जे ठेवाल, ते बिल्डमध्ये जसंच्या तसं लिहिलं जातं आणि जगातला कोणीही ते वाचू शकतो. पैशांच्या व्यवहाराची गुप्त किल्ली तिथे कधीही ठेवू नये. डिप्लॉय करण्याआधी ‘एनपीएम रन प्रिव्ह्यू’ देऊन बिल्ड झालेलं अ‍ॅप एकदा स्वतः फिरवून पाहावं.

बिल्ड संपताना प्रत्येक फाइलचा आकार छापला जातो. ५०० किलोबाइटच्या पुढे गठ्ठा गेला की व्हीट इशारा देतं. दिवाळी अंकांच्या अ‍ॅपसाठी मी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट घेतला. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांचे आकार असतात, त्यामुळे तो रोमनपेक्षा जड होतो. सगळी वजनं आणली तर फॉन्टच अ‍ॅपपेक्षा मोठा होऊन बसतो, म्हणून दोन वजनं ठेवली आणि बाकीची काढली. खेड्यातल्या स्वस्त मोबाइलवर पान उघडायला किती वेळ लागेल, हे त्या छापलेल्या आकड्यांत आधीच कळतं.

एक गोष्ट शिकणाऱ्यांना मुद्दाम सांगायला हवी. क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप २०१६च्या जुलैमध्ये आलं आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी रिअ‍ॅक्टच्या गटाने ते अधिकृतपणे बाद ठरवलं. तरी त्यावर बेतलेल्या नोट्स आणि व्हिडिओ अजून फिरताहेत. अँग्युलरच्या पहिल्या पिढीवर उभी असलेली अ‍ॅप्स २०१६मध्ये दुसरी पिढी आल्यावर थेट पुढे नेता आली नाहीत, जवळपास नव्याने लिहावी लागली. साधनं बदलत राहणार. पॅकेज डॉट जेसन वाचता येणं, लॉक फाइल कळणं, बिल्डमध्ये काय घडतं हे माहीत असणं, एवढं मात्र प्रत्येक बदलात कामी येतं. स्वतः रायन डाल यांनी २०१८मध्ये त्याच बर्लिनमध्ये नोडमधल्या आपल्या चुकांची जाहीर यादी वाचली, त्यात नोड मॉड्यूल्स हे फोल्डर होतं.

शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: पहिला कंपोनंट लिहिण्याआधी एक पूर्ण तास या फोल्डरला द्या. विद्यार्थ्यांना एका पॅकेजचा माग काढायला लावा, ते कोण सांभाळतं, शेवटची आवृत्ती कधी आली, त्याच्याखाली काय आहे. ‘एनपीएम एलएस’ या कमांडला ‘ऑल’ हा पर्याय जोडला की पॅकेजेसचं सगळं झाड दिसतं. जे काम भाषा स्वतः करते त्यासाठी पॅकेज आणू नका. आणि ज्या कंपन्यांचा धंदा या फुकटच्या कोडवर चालतो, त्यांनी वर्षातून एकदा ‘एनपीएम फंड’ची यादी उघडून त्यातल्या चार-दोन नावांना तरी पैसे पाठवावेत. यादी टर्मिनलवर तयार असते, दुवे सोबत असतात, आणि बहुतेक ठिकाणी कार्डाने पैसे देता येतात.